मराठी वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून

आपल्या वेबसाइटवरचा एखादा जुना परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी मजकूर जसाच्या तसा उतरला तर ठीक. त्याऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी दिसली, तर तो मजकूर कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. हे फाँट इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार दाखवतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा ढीगच असतो. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. तो हा ढीग इंग्रजी समजून वाचतो आणि ऐकणाऱ्याला एका शब्दाचाही बोध होत नाही. गूगललाही असे पान सापडत नाही, हा आणखी एक तोटा.

असा मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर काम करत नाहीत. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतला अर्धा र या ठिकाणी हमखास घोळ होतो, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घालणे आलेच. मजकूर चित्रात असेल, म्हणजे कवितेचे पोस्टर किंवा वर्तमानपत्राचे कात्रण, तर तो पुन्हा टाइप करून चित्राखाली द्यावा. गूगल लेन्ससारखी साधने चित्रातली छापील देवनागरी बऱ्यापैकी ओळखतात, त्यामुळे सगळे हाताने टाइप करण्याची गरज सहसा पडत नाही.

युनिकोड असूनही काही सवयी नडतात. ‘दुःख’ किंवा ‘प्रातःकाळ’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन टाइप केले की आवाज शब्दाच्या मधोमध थांबतो आणि एका शब्दाचे दोन तुकडे होतात. श्लोकाच्या शेवटी दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ दिली की, वाचकाने विरामचिन्हांचे सेटिंग कसे ठेवले आहे त्यानुसार, ‘बार बार’ असे ऐकू येते. परिच्छेदांच्या मध्ये शोभेला दिलेली ताऱ्यांची ओळ आणि वाक्याच्या शेवटी ओळीने दिलेले सात नमस्कार यांचेही तेच. इमोजी एकच पुरतो.

ब्राउझरला काय दिसते

पान उघडले की ब्राउझर ते पडद्यावर रंगवतो आणि त्याच वेळी त्याची दुसरी, न दिसणारी मांडणी तयार करतो. तिला ॲक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. त्यात रंग नसतो, सजावट नसते. प्रत्येक घटकाबद्दल मुख्यतः तीन गोष्टी असतात: हा काय आहे (बटन, लिंक, हेडिंग, चित्र), याचे नाव काय, आणि आत्ता याची स्थिती काय (उघडा आहे की मिटलेला, टिक केलेला आहे की नाही). स्क्रीन रीडर ही मांडणी वाचतो. आवाजी हुकमांवर चालणारी आणि एका स्विचवर चालणारी साधनेही तिचाच आधार घेतात.

हे एकदा लक्षात आले की पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत. डिव्हला, म्हणजे एचटीएमएलमधल्या (पान ज्यात लिहितात त्या कोडमधल्या) नुसत्या चौकोनाला, गोल कडा आणि निळा रंग देऊन त्याला क्लिकचा कोड जोडला, तर दिसायला बटन तयार झाले. पण त्या दुसऱ्या मांडणीत तो निव्वळ मजकुराचा तुकडा राहिला. टॅब दाबून तिथे पोहोचता येत नाही, एंटर दाबून तो चालत नाही आणि स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणत नाही. एचटीएमएलचा खरा बटन टॅग वापरला की या तिन्ही गोष्टी आपोआप मिळतात. ॲरिया नावाचे जादा ॲट्रिब्यूट (टॅगला जोडलेली माहिती) वापरून डिव्हला बटन म्हणवून घेता येते, पण तेवढ्याने कीबोर्डवर ते चालू लागत नाही. तो कोड वेगळा लिहावा लागतो. म्हणून मूळ टॅग असेल तिथे मूळ टॅगच वापरा.

हे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ठरवते. त्यांच्या संचाला डब्ल्यूसीएजी म्हणतात. पहिली आवृत्ती १९९९ ची, आताची २.२ ही ऑक्टोबर २०२३ ची. त्यात ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. घरच्या वेबसाइटसाठी डबल एचे लक्ष्य ठेवावे. तो दस्तऐवज वाचायला कंटाळवाणा आहे. पण वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख होमपेजांची यंत्राने तपासणी करते, तिचे निष्कर्ष जास्त उपयोगी पडतात. २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक सहाच प्रकारच्या होत्या: फिकट अक्षरे, चित्राला वर्णन नसणे, फॉर्मच्या रकान्याला नाव नसणे, रिकाम्या लिंक, रिकामी बटने आणि पानाची भाषा न सांगणे. घरच्या घरी दुरुस्त होण्यासारख्याच आहेत या सगळ्या.

भाषा सांगा

यादीतली शेवटची चूक मराठी वेबसाइटला सगळ्यांत जास्त भोवते. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग नावाचे ॲट्रिब्यूट असते. तयार थीम किंवा टेम्प्लेट उचलले की तिथे इंग्रजीचे ‘ईएन’ लिहिलेले असते आणि ते तसेच राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो. काही इंग्रजी आवाजांना देवनागरी येतच नाही, ते गप्प बसतात. काही अक्षरे सुटी सुटी वाचतात, तर काही हिंदी उच्चारांवर जातात. वाचकाला वाटते पान रिकामे आहे, किंवा आपलेच काहीतरी बिघडले आहे.

पानावर कंट्रोल आणि यू दाबून सोर्स उघडा आणि पहिल्या दोन-तीन ओळींत लँग शोधा. तिथे ‘एमआर’ हवे. वर्डप्रेसमध्ये कोडला हात लावावा लागत नाही: सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडले की पुरते. त्याने ॲडमिनची पानेही मराठी होतात. ती इंग्रजीच हवी असतील तर आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी ठेवता येते. थीमचा मराठी अनुवाद झालेला असेल, तर मेनू आणि शोधपेटीतले शब्दही मराठीत येतात.

लेखात इंग्रजी उताराच दिला असेल, तर त्या परिच्छेदाला लँग ‘ईएन’ द्यावे म्हणजे तेवढ्यापुरता आवाज बदलतो. देवनागरीत लिहिलेल्या ‘स्टेशन’, ‘मोबाइल’ अशा शब्दांना मात्र काही करू नका. शब्दागणिक आवाज बदलत राहिला तर ऐकणाऱ्याला वैताग येईल. जाता जाता एक फायदा: नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे असतात, आणि भाषा मराठी असल्याचे सांगितले की ब्राउझर ती उचलतो.

हेडिंग, लिंक, चित्र

डोळस माणूस पानावरून नजर फिरवून हवे ते शोधतो. स्क्रीन रीडर वापरणारा त्यासाठी हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच दाबले की पुढचे हेडिंग, २ दाबले की दुसऱ्या पातळीचे पुढचे हेडिंग. लेखात उपशीर्षके नुसती ठळक आणि मोठी केलेली असतील, तर या उड्या मारायला जागाच नसते आणि तीन हजार शब्द पहिल्यापासून ऐकत बसावे लागते. म्हणून एडिटरमध्ये हेडिंगचाच पर्याय वापरा. लेखाचे नाव एच १, त्याखाली एच २, त्याच्या पोटात एच ३. अक्षरे लहान हवीत म्हणून एच २ सोडून थेट एच ४ घेऊ नका. आकार सीएसएसने, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या कोडने, बदलता येतो.

लिंकचेही तसेच. इन्सर्ट आणि एफ ७ दाबले की एनव्हीडीए पानावरच्या सगळ्या लिंकची यादी दाखवतो. त्या यादीत ‘इथे क्लिक करा’ आठ वेळा आणि ‘अधिक वाचा’ बारा वेळा आले, तर कोणती लिंक कुठे नेणार हे कळायला मार्ग नाही. ‘उकडीच्या मोदकांची कृती’, ‘राजगडाच्या वाटेचा नकाशा, पीडीएफ’ असे लिहा. फेसबुक किंवा यूट्यूबचे चिन्ह देऊन केलेल्या लिंकमध्ये शब्दच नसतात. हीच ती रिकामी लिंक, तिला ॲरिया-लेबलने नाव द्यावे लागते.

चित्राच्या वर्णनासाठी ऑल्ट ॲट्रिब्यूट असते. ते मुळात दिलेच नाही, तर पुष्कळदा स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचतो, आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या फोटोचे नाव म्हणजे वीस-बावीस आकडे आणि अक्षरे. ऑल्टमध्ये काय लिहायचे हे चित्रापेक्षा लेखावर अवलंबून असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा एकच फोटो घ्या. प्रवासवर्णनात ‘कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून दरीत डोकावणारे दोघे’ हे वर्णन पुरते. भूगोलाच्या लेखात ‘कोकणकड्याचा आत वळलेला, वाटीसारखा कडा, काळ्या खडकाचे आडवे थर स्पष्ट दिसतात’ असे लिहावे लागेल. ‘चे छायाचित्र’ हे शब्द जोडायची गरज नाही. चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. नक्षी, तोरण, रेघ अशा निव्वळ शोभेच्या चित्राला ऑल्ट द्यायचे, पण रिकामे ठेवायचे, म्हणजे ते वगळले जाते. चित्रच लिंक असेल, तर ती लिंक कुठे नेते ते ऑल्टमध्ये लिहा. आलेख किंवा तक्ता चित्रात असेल, तर त्यातले आकडे खाली मजकुरात द्या. एवढी माहिती ऑल्टमध्ये कोंबली की वाचकाला ती थांबत, मागे जात वाचता येत नाही.

रंग आणि देवनागरी अक्षर

दृष्टी अधू असलेले, मोतीबिंदू झालेले, उन्हात उभे राहून फोन पाहणारे अशा सगळ्यांना अक्षर आणि पार्श्वभूमी यांत पुरेसा फरक लागतो. तो गुणोत्तरात मोजतात. एकच रंग असेल तर १:१, पांढऱ्यावर काळे म्हणजे २१:१. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१ हवे, २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या, अथवा सुमारे १९ पिक्सेलच्या ठळक अक्षरांना ३:१ चालते. सध्या आवडीने वापरला जाणारा करडा रंग (सीएसएसमध्ये रंगाचा सहा अक्षरी कोड असतो, याचा सहा वेळा ९) पांढऱ्यावर २.८५:१ इतकाच भरतो. ७६७६७६ हा करडा ४.५४:१ देऊन जेमतेम पास होतो आणि सहा वेळा ७ असलेला थोडक्यात नापास होतो.

आपल्याकडचा खास प्रश्न भगव्याचा. एफएफ९९३३ या भगव्यावर पांढरी अक्षरे म्हणजे साधारण २.१:१, मोठ्या अक्षरांसाठीही अपुरे. त्याच भगव्यावर काळी अक्षरे टाकली तर गुणोत्तर जवळपास १० होते. रंग तोच ठेवा, अक्षरे काळी करा. आणि फक्त रंगावर विसंबू नका: ‘लाल रकाने भरणे आवश्यक’ हे लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याला कळत नाही. ‘आवश्यक’ हा शब्द रकान्याच्या नावापुढेच लिहा. लिंकला अधोरेखा ठेवा, तीही याच कारणासाठी.

देवनागरीला रोमन लिपीपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला. त्यामुळे सारख्याच पिक्सेलमध्ये देवनागरी बारीक वाटते. इंग्रजी थीमचे १६ पिक्सेल मराठीला अपुरे पडतात. १८ ते २० ठेवा. हा आकार सीएसएसमध्ये पिक्सेलऐवजी रेममध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या पटीत, लिहा, म्हणजे ज्याने ब्राउझरमध्येच अक्षरे मोठी करून ठेवली आहेत त्याचे सेटिंग पाळले जाते. ओळींतले अंतर १.६ ते १.८ पट असावे. इंग्रजी शीर्षकांसाठी ठेवलेल्या १.१ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांमधले अंतर वाढवणारे लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा, कारण त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्द अक्षराअक्षरांत विखुरतो. दोन्ही कडा सरळ करणारी जस्टिफाय मांडणीही टाळा. मराठी शब्द लांब, ब्राउझर ते सहसा तोडत नाही, आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये मोठमोठी खिंडारे पडतात. डिस्लेक्सिया असलेल्याची ओळ तिथेच सुटते.

मोबाइलवर पान केवढे दिसावे ते सांगणाऱ्या, व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये ‘यूझर-स्केलेबल नो’ लिहिलेले असेल तर ते काढून टाका. दोन बोटांनी पान मोठे करण्याची सोय त्याने काही ब्राउझरमध्ये बंद पडते. कॉम्प्युटरवर ब्राउझरचा झूम ४०० टक्के करून पाहा. मजकूर एका रांगेत आला पाहिजे, प्रत्येक ओळीसाठी डावी-उजवीकडे सरकवावे लागता कामा नये.

माउस बाजूला ठेवा

कंपवात, संधिवात किंवा हाताच्या दुखापतीमुळे माउस न धरता येणारे लोक कीबोर्डवर काम करतात. चाचणी सोपी आहे. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, लिंकवर एंटर, बटनावर एंटर किंवा स्पेस. होमपेजपासून एखाद्या लेखापर्यंत आणि तिथून संपर्काच्या फॉर्मपर्यंत जाऊन दाखवा.

बहुतेक ठिकाणी पहिली अडचण येते ती आपण कुठे आहोत हे न दिसण्याची. ब्राउझर निवडलेल्या घटकाभोवती चौकट काढतो. ती बऱ्याच डिझायनरना आवडत नाही, म्हणून सीएसएसमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहिलेले असते. ती ओळ काढा, किंवा फोकस-व्हिजिबलसाठी, म्हणजे कीबोर्डने निवडलेल्या घटकासाठी, स्वतःची ३ पिक्सेलची ठसठशीत चौकट द्या. दुसरी अडचण माउस नेल्यावरच उघडणाऱ्या मेनूची; तो बटनावर उघडणारा करा. तिसरी पॉप-अपची: टॅब त्याच्या मागच्या पानावर फिरत राहतो आणि बंद करायचे बटन हातीच लागत नाही. एस्केप दाबल्यावर पॉप-अप बंद झाले पाहिजे आणि टॅब मूळ जागी परतला पाहिजे. खरे तर घरच्या वेबसाइटवर पॉप-अप हवेच कशाला?

दर पानावर मेनूचे वीस टप्पे ओलांडावे लागू नयेत म्हणून सगळ्यांत वर ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लिंक ठेवतात. ती एरवी लपलेली आणि टॅब दाबल्यावर दिसणारी असली तरी चालते. बोटाने दाबायच्या बटनांचा आकार किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावा असे २.२ ही आवृत्ती सांगते. थरथरत्या बोटासाठी ४४ बरे.

फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याला खरा लेबल टॅग हवा, आणि त्याच्या फॉर ॲट्रिब्यूटमध्ये रकान्याचा आयडी. रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत ‘आपले नाव’ लिहून भागत नाही, कारण टाइप करायला लागले की ते नाहीसे होते. चूक झाली तर नुसती लाल चौकट न दाखवता ‘ईमेलमध्ये ॲट चिन्ह राहिले आहे’ असे शब्दांत सांगा. वाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा अंधांना थेट दाराबाहेर ठेवतो. त्याऐवजी बॉटला, म्हणजे आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमला, फसवणारा लपवलेला रकाना वापरता येतो. तो सीएसएसच्या डिस्प्ले ननने लपवा आणि लेबलमध्ये ‘हा रकाना रिकामा ठेवा’ असेही लिहा.

व्हिडिओ, आवाज, हालचाल

कर्णबधिरांसाठी व्हिडिओला मराठी कॅप्शन द्या. यंत्राने आपोआप तयार केलेल्या कॅप्शनमध्ये गावांची आणि माणसांची नावे हमखास चुकतात, म्हणून ती तपासून एसआरटी फाइल, म्हणजे कॅप्शन आणि त्यांच्या वेळा असलेली साधी फाइल, स्वतः चढवावी. पॉडकास्ट असेल तर पूर्ण संहिता त्याच पानावर द्या. पान उघडताच सनई सुरू होणे ही मराठी वेबसाइटवरची जुनी हौस आहे, पण त्या सनईत स्क्रीन रीडरचा आवाज बुडून जातो आणि थांबवायचे बटन शोधायचे तर तोच आवाज ऐकू यायला हवा. सरकत्या पट्टीतले ‘सुस्वागतम’ही काढून टाका. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय असावी, असा नियमच आहे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणाऱ्या चित्राने काही जणांना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

तपासणी

क्रोममधले लाइटहाउस आणि वेबएमचे वेव्ह ही साधने मोफत आहेत. ती फिकट रंग आणि हरवलेले ऑल्ट मिनिटभरात दाखवतात. त्यांना अर्थ मात्र कळत नाही. पन्नास चित्रांना ‘फोटो’ एवढेच ऑल्ट दिले तरी लाइटहाउस त्यासाठी गुण कापत नाही.

कोडची एक ओळ टाका आणि वेबसाइट सर्वांसाठी खुली होईल, अशी जाहिरात करणारी ओव्हरले विजेट विकत घेऊ नका. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह येते, अक्षरे मोठी करायची बटने येतात, पण मूळ कोड होता तसाच राहतो. अक्षरे मोठी करायची सोय वाचकाच्या ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या कंपनीला अशाच दाव्यांसाठी १० लाख डॉलर भरायला लावले.

विंडोजवर एनव्हीडीए उतरवून घ्या. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. आवाज यंत्रासारखा, पण भाषेचे सेटिंग लागले की नाही ते लगेच कळते. कंट्रोल दाबले की तो गप्प होतो, इन्सर्ट आणि क्यू दाबले की बंद करायचा पर्याय येतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक बहुधा आधीपासूनच असतो. तो सुरू करण्याआधी दोन कामे करा: टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या आणि टॉकबॅकच्या पानावरचा शॉर्टकट चालू करा. टॉकबॅक सुरू झाला की एका स्पर्शाने घटक फक्त निवडला जातो. तो उघडायला कुठेही दोनदा टिचकी मारावी लागते. उजवीकडे बोट सरकवले की पुढचा घटक, दोन बोटांनी वर सरकवले की पान पुढे जाते. तीन बोटांनी सरकवून ‘हेडिंग’ हा पर्याय निवडा, मग एक बोट खाली सरकवत एकेक हेडिंग ऐका. आता पडदा बंद समजून डोळे मिटा आणि संपर्काचा फॉर्म भरून पाठवा. गोंधळ उडाला तर आवाजाची दोन्ही बटने एकदम तीन सेकंद दाबून धरा, टॉकबॅक बंद होतो.